आमच्या तळ्याची पाळ आणि खालची अकरा घरं

मी बीई केलं ते कॉम्प्युटर सायन्समध्ये. पण आपल्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. गेल्या बारा-तेरा वर्षांत नातेवाइकांनी मला इन्व्हर्टरची बॅटरी, गच्चीची गळती, बोअरमध्ये अडकलेली मोटर आणि एकदा तर चुलतबहिणीच्या लग्नातल्या स्टेजची मजबुती, अशा सगळ्या विषयांवर मत विचारलं आहे. मीही दर वेळी "हे माझं क्षेत्र नाही" म्हणत शेवटी बघायला गेलेच आहे. त्यामुळे ऑगस्ट २०२२ मध्ये बाबा म्हणाले, "आपल्या तळ्याची पाळ एकदा बघून ये, तू इंजिनिअर आहेस," तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही.

बाबांना ती आठवण होण्याचं कारण टीव्हीवर होतं. धार जिल्ह्यात कारम नदीवर कोठिदा गावाजवळ बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण त्या आठवड्यात गळायला लागलं होतं. खालची अठरा गावं रिकामी केली. पोकलेन लावून बाजूने चर खणला आणि पाणी हळूहळू काढून दिलं. इंदूरमध्ये आपण सगळेच ते तीन दिवस टीव्हीसमोर बसून होतो. धरण सरकारी होतं, म्हणून निदान पोकलेन आले, कलेक्टर आले, लष्कर आलं. बाबांचा प्रश्न साधा होता. आपल्या तळ्याचं असं काही झालं तर कोण येईल?

आमचं तळं देवास जिल्ह्यात आहे. आजोबा इंदूरला शाळेत शिक्षक होते, पण जमीन तिकडे होती आणि जीवही तिकडेच होता. त्यांनी १९८४ च्या उन्हाळ्यात नाल्यावर आडवी मातीची पाळ घातली. मराठीत आपण धरणाचा भराव म्हणू, पण तिकडे सगळे पाळच म्हणतात आणि आमच्या घरातही तोच शब्द रुळला आहे. पाळ सुमारे १४० मीटर लांब आणि मधोमध ६ मीटर उंच. एका टोकाला जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा, ८ मीटर रुंद. गावात त्याला वेस्टवियर म्हणतात. पाळीच्या पोटातून एक पाइप, त्याला झडप. एवढंच बांधकाम. ते वेडेपणाचं आहे असं तेव्हा भाऊबंद म्हणायचे, कारण सगळा माळवा त्या काळात ट्यूबवेल खणत होता. पुढे १९९० मध्ये देवास शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तेच भाऊबंद गप्प झाले, ही आमच्या घरातली लाडकी गोष्ट आहे.

तळं भरलं की साधारण ४ एकर पसरतं आणि सरासरी २ मीटर खोल असतं. म्हणजे सुमारे ३२ हजार घनमीटर पाणी, ३ कोटी २० लाख लिटर. आपल्या कॉलनीत उन्हाळ्यात येतो तो ५ हजार लिटरचा टँकर धरला तर जवळजवळ साडेसहा हजार टँकर. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा कागद बाजूला ठेवून जरा वेळ बसले. ही साडेसहा हजार टँकर माती धरून उभी आहे, आणि ती माती आमच्या सामाईक खात्यावर आहे.

पाळ घातली तेव्हा खाली नाला आणि चरनोईची जमीन होती. आज तिथे अकरा घरं आहेत आणि एक अंगणवाडी. घरं हळूहळू आली, एकेक करून, पाण्याच्या जवळ म्हणून. पाळ तीच राहिली, पण तिच्याखाली आता अंगणवाडीची मुलं जेवायला बसतात.

आपल्या मंडळात एक काका आहेत, जलसंसाधन विभागातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना एसडीओ काका म्हणतात. मी त्यांना पाळीचे फोटो दाखवले. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, "धरण फोटोत दिसत नाही. चालावं लागतं. मला घेऊन चल." वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, डोक्यावर गांधी टोपीसारखा बांधलेला रुमाल. पोहे खाऊन आम्ही सकाळी सातला निघालो.

त्या दिवशी काका पाळीवर तीन वेळा चालले. एकदा माथ्यावरून, एकदा पाण्याच्या बाजूने आणि एकदा खालच्या बाजूने, पायथ्याशी. मला म्हणाले, मातीचं धरण मुख्यत: तीन प्रकारे मरतं. पहिलं, पाणी डोक्यावरून जातं. सिमेंटच्या बांधावरून पाणी गेलं तर बहुतेक वेळा बांध टिकतो. मातीवरून गेलं की माती वाहते, खाच पडते, खाचेत आणखी पाणी येतं, आणि मग तासांचा खेळ असतो. दुसरं, पाणी पोटातून जातं. सगळ्याच मातीच्या धरणांतून थोडा पाझर असतो. तो स्वच्छ असेल तर धरण श्वास घेतंय असं समजायचं. पण पाझर गढूळ झाला की तो आपल्याबरोबर माती घेऊन येतोय. आत बोगदा तयार होतोय. तिसरं, उतार घसरतो. तळं एकदम रिकामं केलं तर भिजलेल्या मातीला पाण्याचा आधार राहत नाही आणि आतली बाजू खाली बसते. म्हणून गाळ काढायचा म्हणून पंप लावून दोन दिवसांत तळं उपसू नये.

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. खालच्या उतारावर विलायती बाभळी वाढलेल्या. मला वाटायचं मुळं माती धरून ठेवतात. काका म्हणाले, गवताची धरतात, झाडाची नाही. झाड मेलं की मूळ कुजतं आणि जागी नळी उरते. पाळीवर हरळी हवी, झाड नको. आणि मोठं झाड नुसतं कापूनही भागत नाही. कोरड्या दिवसांत बुंधा, मुळं काढून खड्डा थराथराने माती कुटून भरावा लागतो. पुढे साळिंदराचं बीळ. त्याचं तोंड बुजवून उपयोग नाही, आतपर्यंत खणून भरायचं. माथ्यावर काळ्या मातीच्या लांबच लांब बुजत आलेल्या भेगा. ही आपल्या माळव्याची खास देणगी. काळी माती पाणी अडवायला उत्तम, पण उन्हाळ्यात ती इतकी आक्रसते की भेगेत हात जावा. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट पोटात उतरतं. म्हणून वर मुरमाचा थर लागतो. आजोबांनी तो घातला होता. तो आता जवळजवळ उरलेला नव्हता.

पायथ्याशी डाव्या अंगाला एक ओली जागा होती, पाटाएवढी. तिथे गवत जास्त हिरवं. काकांनी काठी टोचली, पाणी बोटावर घेतलं, उन्हात धरलं. स्वच्छ. "आज स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आज" या शब्दावर त्यांनी जोर दिला होता.

शेवटी आम्ही सांडव्यापाशी आलो, आणि काका पहिल्यांदा काही न बोलता उभे राहिले.

सांडव्याच्या उंबऱ्यावर मातीने भरलेल्या गोण्या रचलेल्या होत्या, सुमारे दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर. त्यांच्या पुढे मासेमारीच्या ठेकेदाराने जाळी बांधलेली. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. जाळीत बेशरमाच्या फांद्या, प्लॅस्टिक, गवत अडकलेलं. आणि पाळीचा माथा, जो सरळ असायला हवा, तो मधोमध बसलेला. गेली पंधरा वर्षं सोयाबीन भरलेल्या ट्रॉल्या त्यावरून जातात, कारण पलीकडच्या शेतात जायला तोच जवळचा रस्ता. दोरी ताणून पाहिलं तर मधला भाग ३० सेंटिमीटर खाली.

यातली एकही गोष्ट कुणी वाईट हेतूने केली नव्हती. गोण्या आमच्या बटाईदारांनी, मामासाबांनी, रचल्या होत्या, काकांना, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, विचारून. दीड फूट जास्त पाणी म्हणजे ७२ लाख लिटर, म्हणजे पंचवीसेक एकर गव्हाला शेवटचं एक पाणी. जाळी ठेकेदाराची, आणि ठेक्याच्या पैशातून तर दर वर्षी गावातल्या भंडाऱ्याला आमच्याकडून वर्गणी जाते. ट्रॉल्यांना दुसरा रस्ता दीड किलोमीटर लांबून. सगळ्या सोयी. सगळ्या आपल्या माणसांच्या.

घरी आल्यावर मी वाचायला बसले, आणि मला अमेरिकेतलं साउथ फोर्क धरण सापडलं. पेनसिल्व्हेनियात, मातीचं, ७२ फूट उंच, आणि खाजगी. आधीच्या एका मालकाने पाणी सोडायचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले होते. पुढे १८७९ मध्ये ते एका मच्छीमारी आणि शिकारीच्या क्लबसाठी घेतलं गेलं. अँड्र्यू कार्नेगीसारखे धनाढ्य लोक त्याचे सभासद. क्लबने काय केलं? माथ्यावरून दोन बग्ग्या आरामात जाव्यात म्हणून माथा उतरवला. मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. ३१ मे १८८९ रोजी मोठा पाऊस झाला, जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. २० किलोमीटरहून अधिक खाली असलेलं जॉन्सटाउन शहर वाहून गेलं. २,२०९ माणसं मेली.

रस्ता, जाळी, अडवलेलं पाणी. एकशे तेहतीस वर्षांनंतर, दुसऱ्या खंडात, आमच्या तळ्यावर तीच यादी. मी ती काकांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "यात नवल काय? धरणाच्या मालकांना तीच तीन कामं सुचतात."

आता बीईच्या पहिल्या वर्षी शिकलेलं आणि विसरलेलं एक सूत्र कामी आलं. सांडव्यावरून किती पाणी जाईल, हे उंबऱ्यावरच्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतं, पण सरळ प्रमाणात नाही, उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात. आजोबांनी सांडव्याचा उंबरा माथ्यापेक्षा १ मीटर खाली ठेवला होता. ८ मीटर रुंदीतून तेव्हा, पाणी माथ्याला लागेपर्यंत, सेकंदाला साडेतेरा घनमीटर पाणी जाऊ शकत होतं. आता खालून ४५ सेंटिमीटर गोण्यांनी खाल्ले, वरून ३० सेंटिमीटर ट्रॉल्यांनी. उरले २५. आपल्याला वाटेल, पाव मीटर उरलं म्हणजे पाव वाट उरली. तसं नाही. पाव गुणिले पावाचं वर्गमूळ, म्हणजे पाव गुणिले अर्धा. एक अष्टमांश. साडेतेराचे उरले एक पूर्णांक सात. तेही जाळी नसताना.

तळ्यात पाणी आणणारं पाणलोट क्षेत्र आमच्याकडे साधारण ६० हेक्टर. तासाला तीन इंचांच्या वेगाने पाऊस लागला आणि त्यातलं अर्धं जरी वाहून आलं, तरी सेकंदाला सहा घनमीटरांहून जास्त पाणी तळ्यात शिरतं. असा पाऊस आपल्याला अनोळखी नाही. ऑगस्ट २०२० मध्ये इंदूरला चोवीस तासांत दहा इंचांच्या आसपास पाऊस झाला होता, तेव्हा कुणाच्या पार्किंगमध्ये किती पाणी होतं ते तुम्हालाही आठवत असेल. आजोबांच्या सांडव्याने सहा घनमीटर हसत काढून दिले असते. आत्ताच्या सांडव्याने नाही.

हा हिशेब मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पुण्याहून एक अंगठा आला. बंगळुरूहून "विकून टाका ना" असं आलं. धाकट्या काकांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. म्हणाले, "तीस वर्षं मी तळं सांभाळलं. तू एक दिवस आलीस आणि सूत्र सांगतेस." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तळ्यासाठी दर आठवड्याला गावी जाणारे तेच होते. मी त्यांना एवढंच म्हटलं की काका, तुम्ही पाळ सांभाळलीत म्हणूनच ती आज आहे, पण खालची घरं तुमच्या लक्षात एकेक करून आली, मला एकदम अकरा दिसली. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "मामासाबांशी मीच बोलतो. तुझं ते ऐकणार नाहीत."

कायदा काय म्हणतो, हेही पाहिलं. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, किंवा १० ते १५ मीटर उंचीच्या आणि आणखी काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. आमची पाळ ६ मीटर. म्हणजे त्या कायद्याने ती बघायला कुणी येणार नाही. पण कुणी बघत नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. माझी मावसबहीण वकील आहे. तिने सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. मालकाच्या जबाबदारीबद्दल कायद्याच्या विद्यार्थ्यांना जो सर्वांत प्रसिद्ध खटला शिकवतात, रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८ चा, तो मुळात एका खाजगी तळ्याचाच आहे. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने बांधून घेतलेल्या तळ्याचं पाणी जुन्या खाणीच्या विहिरींतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. मालकाची स्वत:ची हयगय नव्हती, तरी कोर्टाने त्याला जबाबदार धरलं. अंगावर येईल अशी गोष्ट आपल्या जमिनीवर साठवायची, तर ती सुटली की भरपाई तुझी.

पण आपल्या देशातल्या एका खटल्यात वेगळा निकाल लागला. १८७४ मध्ये मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटनगरचे जमीनदार. त्यांचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं. प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं, इथे तलाव राखणं ही पूर्वापार चालत आलेली, रयतेच्या जगण्याची गोष्ट आहे, ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच आहे. त्याने हयगय केली नसेल तर तो जबाबदार नाही. मला या दोन निकालांच्या मधली जागा आपली वाटते. तळं राखणं हा गुन्हा नाही, उलट चांगलं काम आहे. पण ते राखलं, हे दिसलं पाहिजे. मावसबहीण म्हणाली, "वही ठेव. तारीख, पातळी, काय पाहिलं, काय केलं." सॉफ्टवेअरवाल्यांना लॉग ठेवायला कुणी शिकवायला नको.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही कामं काढली. सांडव्यावरच्या गोण्या आणि जाळी काढली. मामासाबांच्या शेवटच्या पाण्याचं काय, हा प्रश्न तसाच होता, आणि तो खरा होता. अकरा घरांतली चार घरं त्यांच्याच भावकीची. म्हणजे गहू आणि धोका एकाच कुटुंबात होते. त्यावर एसडीओ काकांनी तोडगा सुचवला. महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे असतात, लोखंडी फळ्या, ज्या पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस ओसरला की शेवटचं वाहतं पाणी अडवायला बसवतात. आम्ही सांडव्यात खाचा केल्या आणि बर्गे करून घेतले. जूनच्या दहा तारखेआधी बाहेर, पाऊस परतल्यावर आत, आणि तेव्हाही फक्त एक फूट. परतीचा पाऊस मोठा होणार असं दिसलं की लगेच काढायचे. उरलेलं पाणी गाळ काढून मिळवलं. गाळ शेतकऱ्यांनी स्वत: ट्रॉल्या लावून नेला. पाळीच्या पायाजवळ मात्र खणू दिलं नाही, तिथे चुना टाकून रेघ मारली होती. मासेवाल्याने जाळी सांडव्याच्या तोंडावरून काढून बरीच आत, पाण्यात लावली.

माथ्यावर माती थराथराने घालून, पाणी मारून, रोलर फिरवून मध थोडा उंचच ठेवला, कारण भराव बसतो. वर मुरूम. दोन्ही टोकांना दगडी खांब, ट्रॉली जाणार नाही असे. यावरून गावात कुरबुर झाली, अजून थोडी आहे. खर्चाची वाटणी जमिनीच्या हिश्शाप्रमाणे झाली. बंगळुरूच्या भावाने "विकून टाका" हा आग्रह सोडलेला नाही, पण त्याचे पैसे सर्वांत आधी आले. त्यालाही मी एक गोष्ट विचारली आहे. आज एखादा कॉलनी पाडणारा जमीन घ्यायला तयार होईलही. पण पाळ कोण घेईल? त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

उरली ती ओली जागा. गावात सगळ्यांचं मत पडलं की चिकणमाती ठोकून ती बंद करावी. काकांनी कडाडून विरोध केला. बाहेरून तोंड दाबलं की पाणी आत तुंबतं आणि दुसरीकडून जोरात बाहेर पडतं. पाझराला वाट द्यायची, माती मात्र द्यायची नाही. म्हणून तिथे आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर घातले. पाणी गाळून बाहेर येतं, माती आत राहते. खाली एक छोटी नाली आणि तिच्या तोंडाशी बादली मावेल एवढी जागा. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते, हे मोबाइलवर मोजायचं. तळ्याची पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली, किंवा पाणी गढूळ झालं, तर कुणाचं मत विचारत बसायचं नाही. आधी घरं रिकामी करायची, मग फोन, आणि झडप हळूहळू उघडायची. रात्री पाळीवर कुणी जायचं नाही.

या शेवटच्या नियमाबद्दल बाबा फार आग्रही होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते पुण्यात आजोळी होते, सात वर्षांचे. तेही मातीचंच धरण, पूर्ण न झालेलं. आदल्या रात्री जवानांनी खचणाऱ्या भरावावर पोती रचून शर्थ केली होती, हे ते नेहमी सांगतात. आणि २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा वीसहून अधिक माणसं गेली. तेही मातीचं, आकाराने लहान. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. बाबा म्हणतात, धरण अचानक फुटत नाही, आधी सांगतं.

ही गोष्ट फक्त आमची असती तर मी इथे लिहिली नसती. देवास जिल्ह्यात २००६ मध्ये त्यावेळचे कलेक्टर उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वत:च्या जमिनीवर तळी करायला प्रवृत्त केलं. रेवा सागर म्हणतात त्यांना. हजारो झाली, आणि त्यांनी शेती खरंच बदलली. पुढे राज्याची बलराम तालाब योजना आली. ही तळी आता वीस वर्षांची होत आली आहेत. ज्यांनी बांधली त्यांची पिढी थकली आहे आणि सातबारा, म्हणजे आपल्याकडचा खसरा, हळूहळू आपल्या नावावर होतो आहे. आपण इंदूर, पुणे, हैदराबादला आहोत. वारसा म्हणून आपल्याला जमीन मिळते तेव्हा पाणी आणि पाळही मिळते, आणि पाळीखाली राहणारी माणसंही.

तेव्हा तुमच्या घरचं असं तळं, बंधारा, शेततळं कुठे असेल, तर दोनदा जा. एकदा वैशाखात, पाणी कमी असताना: भेगा, बिळं, झाडं, झडप बघायला. एकदा श्रावणात, तळं भरलेलं असताना: पायथा बघायला. गाडीतून नको, चालत. सांडव्यात काय काय अडकलंय ते बघा, आणि वरच्या माथ्यावर दोरी ताणून बघा. मग खाली उतरून घरं मोजा, आणि त्या घरांतल्या एका तरी माणसाचा फोन नंबर घ्या.

आमच्याकडे तो नंबर अंगणवाडीच्या ताईंचा आहे. पावसाळ्यात रोज बादली त्याच मोजतात. त्याचे आम्ही महिन्याला पैसे देतो, आणि ते घ्यायला त्या पहिल्यांदा तयार नव्हत्या. म्हणाल्या, माझीच मुलं खाली आहेत. सकाळी आठच्या सुमारास ग्रुपवर त्यांचा निरोप येतो. या वर्षी पाऊस लवकर लागला आणि तळं भरलं. सुरुवातीला बादली ५२ सेकंदांत भरत होती. गेल्या आठवड्यात ४९ झाली. पाणी स्वच्छ आहे आणि पातळी वाढलेली आहे, त्यामुळे एवढा फरक पडणारच, असं एसडीओ काका म्हणतात. तरी ते येत्या रविवारी चालायला येणार आहेत, आणि या वेळी धाकटे काकाही.